अडकित्त्यानं कापलेली माळ

अक्का,

तुम्ही गेल्यापासून आळीत जो भेटतो तो मला एकच विचारतो, आणि ते तुमच्याबद्दल नसतं. "माळ लावणार का यंदा?" पाण्याला गेलं तरी तेच, गिरणीत दळण टाकायला गेलं तरी तेच. आधी मला रागच आला. माझी थोरली जाऊ जाऊन महिना झाला नाही आणि ह्यांना दारावरच्या लायटिंगचं पडलंय, असं वाटलं. मग हळूहळू ध्यानात आलं की लोक माळेच्या आडून दुसरंच काही विचारताहेत. तुमचं वर्ष एक घर पाळणार की दोन, हे त्यांना हवं आहे. तोंडावर विचारायची कुणाची छाती नाही, म्हणून माळ.

तसा रिवाज सरळ आहे. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही, चुलीवर कढई चढत नाही, दारात दिव्यांची आरास नाही. पण अंगणात भिंत घातलेल्या घरात 'घरातलं' कुठवर म्हणायचं? दहा दिवसांचं सुतक सगळ्या भावकीनं धरलं, त्यात काही विशेष नाही. वर्ष मात्र ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्यानं धरायचं. तुमचे मालक म्हणून दादा धरणार, हे ठरलेलंच होतं. आम्ही धरलं तर आपण अजून एक आहोत. आणि आमच्या दारावर माळ लागली तर वाटणी पक्की झाली, तुमच्या जाण्यानंही ती हलली नाही, असा त्याचा अर्थ. आणि हे ठरवायचं कुणी? तर तुमच्या लाडक्या दिरानं, जे पाच-सहा वर्षं सख्ख्या भावाशी बोललेले नाहीत.

इथं एक सांगून टाकते. नवऱ्याचं नाव मी कधी घेतलेलं नाही, तुम्हाला माहीत आहे. पण 'हे' 'हे' करत लिहायला बसले तर कुठले हे ते मलाच कळायचं नाही. म्हणून तुम्ही त्यांना जे म्हणायचात तेच आज मीही म्हणते, बापू. तुमच्यासमोर कसली लाज?

गावात वीज आली ती दिवाळी तुम्हाला आठवत असेल. बापू तेव्हा पलटणीत, अंबाल्याला होते आणि नेमकी रजा मिळाली. त्यांनी होल्डॉल सोडला तर त्यात कपडे थोडे आणि ही माळ जास्त, टॉवेलात, बनियनात, मफलरात गुंडाळलेली. करंगळीच्या पेरायेवढे पांढरे बल्ब, एका वायरीत ओवलेले. तुम्ही एक बल्ब उजेडाकडं धरून बघितलात आणि म्हणालात, "बापू, ह्ये पालीच्या आंड्यावानी दिसतंय रं. आनि समदं पांढरंच? सनासुदीचं दारात पांढरं कशाला?" बापू म्हणाले, सांगलीत रंगीत बल्ब मिळतात, बदलून आणू. तेवढा धीर तुम्हाला कुठला! बेंदराला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल हिंगूळ आणि हिरवा रंग माळ्यावर डब्यात होता, वाळून खडा झालेला. तुम्ही त्यात रॉकेल ओतलंत, काडीनं ढवळलंत आणि सोप्यात फतकल मारून एकेक बल्ब रंगवायला बसलात. बापूंनी कपाळाला हात लावला. "वैनी, अंबाल्याचा माल हाय त्यो!" तुम्ही वरसुद्धा बघितलं नाहीत. "आता बैलाचा झाला," म्हणालात.

संध्याकाळी माळ लागली. रंग इतका जाड बसला होता की उजेड आतच राहिला आणि बाहेर नुसते लाल-हिरवे ठिपके आले. शिवाय बल्ब तापले तसा रॉकेलचा आणि बेंदराचा वास दारभर सुटला. तरी सगळी आळी बघायला लोटली. दादा अंगणात बाज टाकून रस्त्याकडं पाठ करून बसले, आपल्याच घराकडं बघत. येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम घालायचंही त्यांना सुचलं नाही. मी नवी सून, रहिमतपूरच्या शाळेत मॅट्रिक झालेली. आमच्याकडं वीज केव्हाच आली होती, तेव्हा मला ह्या माळेचं काही वाटणार नाही, असा माझा तोरा. तुम्ही माझा दंड धरून मला रस्त्यापर्यंत नेलंत आणि घराकडं तोंड करून उभं केलंत. "रहिमतपूरवाले, हाय का आसं तुमच्यात?" नव्हतं. तेव्हा मी कबूल केलं नाही, पण नव्हतंच.

मग बांगलादेशची लढाई झाली, पुढं बापू पेन्शन घेऊन घरी आले आणि घरात दोन कारभारी झाले. बापूंना हुकूम द्यायची सवय, दादांना घ्यायची नाही. नदीवरनं पाइपलाइन आल्यावर बापूंचं म्हणणं, सगळ्या रानात ऊस लावायचा. दादा म्हणाले, "आनि भाकरी काय साखरंची करायची व्हय?" दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर मिटेना. चूक एकाची असती तर तुम्ही त्याला बरोबर सरळ केलं असतंत. ह्यात तुम्ही तरी काय करणार?

वाटणीला पंच बसले तेव्हा आपण दोघी दाराआड उभ्या होतो. रान निम्मं झालं, बैल एकेक झाले, हंडे-पराती मोजून दोन ढीग झाले. शेवटी कोपऱ्यात माळ उरली. दादा म्हणाले, "ती बापूनं आनलीया. त्येला ऱ्हाऊ द्या." एवढ्यावर निभावून गेलं असतं. पण बापूंना दादांचे उपकार नको होते. "एकात आसताना आनलीया. निम्मी त्यांची." दादा म्हणाले, "मला नगं." बापू म्हणाले, "निम्मी घ्याच म्हनावं." दोघांचीही तोंडं पंचांकडं आणि बोलणं भावाशी. भावकीतले आबा पंचांत होते, त्यांना कंटाळा आला. पानासाठी सुपारी कातरत बसले होते. त्याच अडकित्त्यानं त्यांनी माळ मधोमध तोडली आणि दोन्हीकडं एकेक तुकडा सरकवला. तुम्ही कळ आल्यासारखा माझा हात दाबलात. रान तुटलं तेव्हा दाबला नव्हतात.

तुमचं काय तुटत होतं ते मला तेव्हा पुरतं उमजलं नव्हतं. कडेगावाहून लग्न होऊन तुम्ही ह्या घरात आलात तेव्हा सासूबाई जाऊन थोडेच दिवस झाले होते, आणि बापू रांगत होते. त्यांना भाकरी कुस्करून भरवलीत ती तुम्ही. भरती होऊन निघाले तेव्हा मिरजेच्या स्टेशनावर गाडी हलल्यावरही खिडकीचा गज सोडायला तयार नव्हतात, असं दादाच सांगायचे. तुम्हाला मूल झालं नाही. कुणी त्याबद्दल हळहळलं तर तुम्ही म्हणायचात, "बापू हाय की," आणि विषय संपायचा. त्याच बापूंनी वाटणी मागितली, अंगणात भिंत घातली, घराला नवं दार पाडलं आणि तुमच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचं बंद केलं. तुमच्याशी बोलणं टाकायची मात्र त्यांची छाती झाली नाही. रोज भिंतीपलीकडनं तुमचा आवाज यायचा, "बापू, जेवलास का रं?" आणि इकडनं शाळेत हजेरी द्यावी तसं बापू म्हणायचे, "व्हय वैनी." त्यापुढं काही नाही.

वाटणीनंतरच्या पहिल्या दिवाळीचं मात्र मला आजही हसू येतं. वसुबारशीला दोन्ही घरांत सकाळपासून एकच उद्योग चालला होता, आपला तुकडा आधी लागला पाहिजे. बापूंनी तुटक्या टोकांना वायर जोडून पिन बसवली, नव्या दारावर खिळे मारले. तिकडं दादांचीही ठोकाठोक चालू होती. आपल्या गावात विजेचा जोर म्हणजे बल्ब लागलाय का, ते जवळ जाऊन बघावं लागायचं. पण नेमका त्या दिवशी कुठनं जोर आला होता कोण जाणे. पहिलं बटण दादांनी दाबलं. भिंतीपलीकडं एकदम असा लखलखाट झाला की तुमचा तो जाड हिंगूळ फोडून पांढरा उजेड बाहेर आला, आणि फट् करून सगळं काळं. बापू खूश. "जोडाय येत न्हाई तर हात कशाला लावायचा मानसानं?" हे त्यांनी मला सांगितलं, पण भिंतीला ऐकू जाईल अशा बेतानं. मग मिशीवरनं हात फिरवला आणि आपलं बटण दाबलं. फट्.

मग पलीकडनं तुमचं हसू आलं. आधी पदर तोंडात धरून, मग आवरेना तसं मोकळं. बापूंच्या तोंडाकडं बघून मला हसायची सोय नव्हती, पण तुमचं ऐकून माझाही धीर सुटला. भिंतीच्या दोन बाजूंना दोन जावा हसताहेत आणि दोन भाऊ हातात पिना धरून आपापल्या अंधारात उभे आहेत. "शालन, तुमचीबी गेली का गं?" तुम्ही ओरडून विचारलंत. मी म्हटलं, "गेली की वो अक्का, एका दमात!" भिंत घातल्यापासून आपण दोघी इतक्या मोकळ्या आवाजात बोललोच नव्हतो. बापू दिवाळीभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

दिवाळी झाल्यावर चष्म्याचं निमित्त काढून तुम्ही सांगलीला निघालात. "शालनला इंग्रजी पाट्या वाचता येत्यात, तिला संगं नेती," म्हणून मलाही उचललंत. पिशवीत काय आहे ते मला पेठेत पोचल्यावर कळलं. तुमचा तुकडा होताच. आमचा तुकडा तुम्ही आमच्या परड्यातल्या अडगळीतनं कधी उचललात, ते मात्र तुम्ही मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. विजेच्या सामानाचं दुकान एका जैन म्हाताऱ्यांचं होतं. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेतले, अडकित्त्यानं चेमटलेली टोकं बघितली आणि हसायलाच लागले. सगळ्या माळेनं वाटून घ्यायचा विजेचा दाब निम्म्या बल्बांवर पडला, म्हणजे एकेकावर दुप्पट जोर, मग उडतील नाहीतर काय होतील? एवढ्यावर त्यांनी थांबावं ना. त्यांना हुरूप आला. बाई, ह्यात माणसानंसुद्धा शिकण्यासारखं आहे, एकमेकांच्या आधारानं राहिलं की, वगैरे वगैरे. तुम्ही मान हलवत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "कीर्तन एकादशीला ऐकू आण्णा. आदी बल्ब दावा." मला दुकानाबाहेर जाऊन हसावं लागलं.

तिथं रंगीत बल्ब होते, अक्का. निळेसुद्धा होते. मी तुम्हाला हातात घेऊन दाखवले. तुम्ही पांढरेच घेतलेत आणि घरी येऊन पुन्हा त्या डब्यात रॉकेल ओतलंत. तुमचं म्हणणं, दुकानातला रंग सगळ्यांच्या दारावर दिसतो, हा फक्त आपल्या. माझं म्हणणं, कुणाच्याही दारावर दिसू नये असा तो रंग आहे. ह्यावर आपण दर दिवाळीला भांडलो आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून मी माझं म्हणणं सोडणार नाही, निळे बल्ब चांगलेच होते.

माळ एक झाली, पण लावायची कुठं? तुम्ही म्हणालात, पहिल्यासारखी, सगळ्या घरावरनं, मधे भिंत आली तर भिंतीवरनं. आणि बटण? ओढ्यावर धुणं आपटता आपटता त्यावर आपण किती हुज्जत घातली. मी म्हटलं, तुमचं थोरलं घर, बटण तुमच्याकडं. तुम्ही म्हणालात, "न्हाई, तुज्याकडं. माज्याकडं आसलं तर बापू म्हनंल, दादाचा उजेड मला नगं. तुज्याकडं ऱ्हाऊ दे. दादाच्या दारावरचा दिवा बापूच्या हातानं लागू दे." मला ते फार लांबचं राजकारण वाटलं होतं. दिल्लीतसुद्धा एवढं चालत नसेल, असं मी म्हणालेही.

पुढच्या दिवाळीला दोघे भाऊ आपापल्या रानात गेल्यावर आपण शिडी लावून माळ चढवली. मी वर, तुम्ही खाली शिडी धरून, आणि सूचना मात्र सगळ्या तुमच्या. संध्याकाळी दोघे आले. दोघांनीही बघितलं आणि दोघांनीही बघितलं नाही असं केलं. काढायची म्हटली तर दुसऱ्याच्या दारावरची काढावी लागणार, आणि तिथं हात लावायला जाणार कोण? तुमचा सगळा डाव ह्या एका गोष्टीवर होता आणि तो बरोबर बसला. हट्टी माणसांना त्यांच्याच हट्टात अडकवून ठेवायची तुमची हातोटी मला अजून साधलेली नाही.

मग त्या संध्याकाळी रोजच्या झाल्या. दिवेलागणीला दादा अंगणात येऊन उभे राहायचे आणि खोकायचे. खोकला-बिकला काही नसायचा. आत बापू पेपर उघडून बसलेले, ते मान वर न करता म्हणायचे, "त्यांचा घसा बसायच्या आत लाव ती माळ." मी म्हणायची, "माझे हात पिठात आहेत." मग ते उठायचे, बटण दाबायचे, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकदम उजेड व्हायचा. दादांचा खोकला बरा व्हायचा. दिवाळीत बरोबर त्याच वेळेला माझे हात पिठात असायला हवेत, हे तुम्ही मला पढवून ठेवलेलं होतं. बापूंना ते कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

पण बटणाच्या पुढं ते दोघे सरकले नाहीत, आणि इथं आपलं खरं भांडण होतं. मी तुम्हाला कितीदा म्हटलं, अक्का, तुम्ही सांगा, तुम्ही एक शब्द टाकलात तर बापू भिंतीवरनं उडी टाकून येतील. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी माळ उतरवताना तर मी तुमच्यावर चिडलेच. तुम्ही वायर कोपरावर गुंडाळत होतात. म्हणालात, "मी सांगितलं तर त्यो ऐकंल गं. म्हनून तर सांगत न्हाई. माज्यासाठी आला तर माज्याकडं आला. भावाकडं कवा आला?" मी म्हटलं, कुणासाठी का येईनात, येऊ देत की. तुम्ही मान हलवलीत. "न्हाई शालन. उसनं आनलेलं मला नगं." मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. माणसं आज आहेत उद्या नाहीत, असं मी तेव्हा उगीच बोलण्याच्या ओघात म्हणाले होते.

तुम्ही पंधरा माणसांचा स्वयंपाक एकटीनं उरकणाऱ्या, आणि एका तापानं अंथरुणाला खिळलात. कुंडलच्या डॉक्टरांनी मिरजेला न्यायला सांगितलं तेव्हा जीप आणली ती बापूंनी. कुणाला विचारलं नाही, काही नाही. दादा घरात कावरेबावरे होऊन तुमचं लुगडं शोधत होते आणि बाहेर जीप येऊन उभी राहिली. मी मागं बसले, तुमचं डोकं माझ्या मांडीवर. बापू पुढं, ड्रायव्हरशेजारी. सबंध रस्ताभर त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. त्यांची मान तेवढी दिसत होती, ताठ. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "शालन, माळ येळंत काड ट्रंकंतनं. उंदरानं वायर खाल्ली आसंल." मग जरा थांबून, "बापू, जेवलास का रं?" ड्रायव्हरनंच त्यांच्या वतीनं "व्हय, जेवल्यात" असं सांगितलं.

मिरजेहून तुम्ही घरी आलात त्या बऱ्या होऊन नाही. त्या दिवसांबद्दल मी लिहीत नाही. एकच सांगते. रोज भिंतीपलीकडं चूल पेटल्याचा वास यायचा, तो बंद झाल्यावर माझ्या घरातला स्वयंपाकच मला बेचव लागू लागला. तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, पण रहिमतपूरहून आलेली ती तोऱ्यातली पोर ह्या घरात रुळली ती तुमच्यामुळं. तुम्ही माझी थट्टा केलीत, मला शिडीवर चढवलंत, माझ्याशी भांडलात आणि एकदाही मला परकी समजून गप्प राहिला नाहीत. आईनं इतकं केलं नसतं, असं म्हणणार नाही, आईनं केलंच असतं. जावेनं करायचं काही कारण नव्हतं.

पितृपंधरवडा संपता संपता तुम्ही गेलात. बापूंनी खांदा दिला, दहा दिवस सगळं केलं, पण दादांशी बोलले नाहीत. दोघांच्या मधे कोणीतरी असायचंच, भटजी, आबा, नाहीतर मी. तेराव्यानंतरही दादांचं ताट मी वाढून, वर फडकं झाकून पलीकडं नेऊन ठेवायची. ते निम्मं खायचे. दसऱ्याला आम्ही सोनं वाटलं नाही, पण ते तर सुतकाला लागूनच होतं, त्यावरनं लोकांना काही कळलं नाही. म्हणून मग सगळ्यांची नजर माळेवर.

मला विचाराल तर मला माळ लावावीशी वाटत होती. तुम्ही स्वतः जीपमध्ये तिची आठवण काढलीत, तुमच्या हातचा रंग तिच्यावर आहे, मग ती पेटीत का ठेवायची? पोरं फराळाचं विचारत होती, भाजणं-तळणं मी काढलं नव्हतं, पण काढणार नाही असंही कुणाला म्हटलं नव्हतं. वसुबारशीला सकाळपासून बापूंच्या तोंडाकडं बघत होते. ते ट्रंकेपाशी गेले नाहीत. रानातनं आले, हातपाय धुतले आणि पायरीवर बसले.

दिवस कलला तसे आबा आले. सुपारी कातरत अंगणात टेकले आणि सगळ्या आळीच्या वतीनं विषय काढला. "बापू, तुमचं तेरावं झालं, तुमी मोकळं झालाय. वरीस थोरल्याच्या घराला. तुज्या घरात लेकरंबाळं हायत, दार काळं ठिवू नगंस." मी आत उंबऱ्याशी उभी होते. मला वाटलं, आता बापू उठतील, ट्रंक उघडतील, आणि मला आनंद होईल की वाईट वाटेल ते माझं मलाच ठरवता येईना.

तेवढ्यात भिंतीला वळसा घालून दादा आले. भिंत घातल्यापासून आमच्या अंगणात ते पहिल्यांदाच येत होते. पायात चप्पल नव्हती. बापूंच्या समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बापू, लाव रं माळ. तिला लय आवडायची."

मधे कुणी नव्हतं. पंच नव्हते, भिंत नव्हती. बापू उठून उभे राहिले. इतक्या वर्षांनी ते भावाच्या तोंडाकडं सरळ बघत होते. म्हणाले, "आई गेल्यावर कोन माळ लावतं व्हय, दादा?"

दादा आमच्या पायरीवर बसले आणि धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडले. तुम्हाला नेलं त्या दिवशी रडले नव्हते ते सगळं रडले. बापू त्यांना लागून बसले. समजूत घालायला त्यांना येत नाही, कधीच येत नव्हती, नुसते खांद्याला खांदा लावून बसून राहिले. आबा उठून कधी गेले ते कुणाला कळलं नाही. आळीत एकेका दारात पणत्या लागत होत्या. आपल्या दोन्ही दारांत अंधार होता, आणि त्या अंधाराकडं बघून मला वाईट वाटलं नाही. तुमच्या नावानं ह्याहून मोठं काही त्या दारात लावता आलं नसतं.

मग बापू मागं न बघता मला म्हणाले, "शालन, दादांचं पान हितं मांड. आजपासनं हितंच."

मी मांडलं, अक्का. दोघा भावांची पानं शेजारी शेजारी मांडली. दादांनी भाकरी मोडली आणि जवळजवळ सगळी खाल्ली. हे बघायला तुम्ही हव्या होतात. फार हव्या होतात.